घळीतल्या आंब्याखाली

पडवीत मामंजी खोकले आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून दाराआड गेले. पदर कपाळापर्यंत ओढला आणि श्वास धरून उभी राहिले. मामंजी माजघरात आले, कोनाड्यातली चुन्याची डबी घेतली आणि परत पडवीत गेले. तोवर भाकरीचा एका अंगाने कोळसा झाला होता.

"तवो उतरून ठेवूक काय झाला होता?" सासूबाई म्हणाल्या. "आता जळलेली तूच खा."

मी खाल्लीही असती. पण खाल्लेलं पोटात राहत कुठे होतं?

आमच्या घरची रीतच तशी होती. सासऱ्यांनी घरात पाऊल टाकण्याआधी खोकायचं आणि तो खोकला कानावर आला की सुनेने असेल तिथे आडोसा धरून गप्प उभं राहायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते मांजराला सांगायचे. "गो मांजरा, आज आमटीत मीठ नव्हता." मांजर बिचारं ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आमटीत मी मीठ बघून घालायची. आमचा संसार असा मांजराच्या मध्यस्थीने बरा चालला होता. माझा नवरा दूर खाणीवर कामाला, सणावारी यायचा. घरात आम्ही तिघं आणि ते मांजर.

मला तेव्हा चौथा महिना होता. त्याआधी दोन वेळा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला माझी उलटी थांबेना. पेज प्यायले तरी उलटी, भाताचं शीत घेतलं तरी उलटी. बाजारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या पोटात अन्न टिकलं नाही तर मूलही टिकणार नाही. मला एकच गोष्ट खावीशी वाटत होती. मिठाला लावून आंबट कैरी. नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटायचं आणि मळमळ थांबायची.

आणि त्या साली कोकणात, आंब्याच्या मुलखात, कैरी नव्हती. ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल, पण नव्हती. आमच्या दारातला आंबा वैशाखातही नुसती पानं घेऊन उभा होता. सासूबाईंच्या बरणीतलं गेल्या सालचं लोणचं मी चैत्रातच संपवलं होतं.

तर त्या दिवशी मी ती जळकी भाकरी तव्यावरून काढत होते आणि पडवीत मामंजींची शिकारी मंडळी जमली होती. मामंजींचं नाव धोंडू परब. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. त्या काळी तसा परवाना मिळायचा. त्यांचा जोडीदार तातू मेस्त्री. त्याच्या रताळ्यांच्या वाफ्यांत एक मोठं डुक्कर रोज येऊन नांगर घातल्यासारखं उकरून जात होतं. तातूचा पुतण्या बाळाही सोबत होता, मिसरूड फुटलेला आणि त्यामुळे सगळं कळणारा. गावाने मामंजींवर भार टाकला होता की हे डुक्कर तुम्हीच आडवं करा.

"डुकर खंय गावतलो, सांग," तातू म्हणत होता. "एवढ्या रानात खंय म्हणान बसतलंस?"

"ह्या साली बसूची जागा एकच," मामंजी म्हणाले. "शिमग्याआधी धुका कसा पडला होता? उजाडला तरी हात दिसत नव्हतो. वरच्या सड्यावरचो मोहर सगळो करपलो. उरलो तो मागसून पावस इलो, तेणा झाडलो. जांभळी फुलली, ती पण त्याच पावसात धुवन गेली. काजू काळो पडलो. करवंदांत नुसती बी. बरोबर?"

"बरोबर."

"बरा साल असता तेव्हा डुकर खंयपण चरता. आज हय, उद्या थंय. आपण एका झाडाकडे बसतो आणि तो दुसऱ्या झाडाखाली पोट भरून जाता. पण ह्या साली रानात फळ आसा खंय? फक्त घळीतल्या आंब्याक."

"त्याका लागले?" बाळाने विचारलं.

"लदलो आसा. थंय ऊन उशिरा पोचता. तो आंबो सगळ्यांच्या मागसून मोहरता. धुका येवन गेला, पावस येवन गेलो, तेव्हा तो झोपलेलो. म्हणान वाचलो. आता खाली सडो पडता कैऱ्यांचो. डुकर थंयच येतलो. आणखी जातलो खंय?"

"मगे शिकार सोपी झाली," बाळा म्हणाला.

"शिकार सोपी झाली," मामंजी म्हणाले. "बंदूक कठीण झाली."

बाळाला ते कळलं नसावं. मलाही कळलं नाही, पण माझं तिकडे लक्षही नव्हतं. माझ्या कानांत एकच शब्द शिरला होता, कैऱ्यांचा सडा.

सासूबाईंना विचारण्यात अर्थ नव्हता. पहिल्या दोन खेपांना मी घळीकडच्या वाटेने सरपणाला गेले होते आणि तिथल्या देवचाराची मला बाधा झाली, अशी त्यांची पक्की समजूत होती. या खेपेला त्यांनी मला रानाच्या वाटेवर पाऊल टाकू दिलं नव्हतं. ते सगळं मायेपोटीच होतं. माझ्या उशाखाली रोज नवा अंगारा असायचा. पण अंगारा काही मिठाला लावून खाता येत नाही. मामंजींना सांगावं तर तोंड उघडायचं कसं? आणि मांजर उलट बाजूने निरोप नेत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई शेजारच्या वाडीत बाळंतिणीला बघायला गेल्या आणि मी मागच्या दाराने निघाले. माझा हिशोब सरळ होता. शिकारी अंधार पडल्यावर झाडावरच्या माळ्यावर बसतात. मी उन्हं कलायच्या आत जाऊन येणार. त्या दिवशी आभाळ भरून आलंय, आणि अशा दिवशी जनावर लवकर बाहेर पडतं म्हणून शिकारीही लवकर जातो, हे मला कोण सांगणार?

घळ तशी लांब नव्हती, पण माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. दोन ठिकाणी बसले. व्हाळ कोरडा होता, तो ओलांडून चढले तर समोर तो आंबा. खोड एवढं मोठं की तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाही, भोवती माझ्या छातीएवढं रान माजलेलं, आणि खाली पाल्यात खरंच कैऱ्या पडलेल्या. एक उचलली, पदराला पुसली आणि उभ्या उभ्या दात लावला. त्या आंबटपणाने डोळे मिटले माझे. मीठही नव्हतं, पण ती कैरी मी बाठ्यापर्यंत खाल्ली आणि खोडाला टेकून, उलटी येते का याची वाट बघत बसले. उलटी आली नाही. कितीतरी आठवड्यांनी माझ्या पोटात काहीतरी टिकलं होतं. मी रडले तिथे. मग त्या थकव्यात, आणि पोट शांत झाल्याच्या सुखात, माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा घळीत काळोखी पसरू लागली होती. वरचं आभाळ अजून उजळ होतं, पण झाडाखाली पान आणि फांदी वेगळी दिसेना. मी धडपडून उठले. आता निघायचंच, पण चार कैऱ्या न्यायच्या म्हणून वाकून पाला चाचपू लागले. पाला वाळलेला. हात फिरवला की खसखस वाजत होता. कैरी लागली की मी ती ओटीत टाकत होते.

आणि वरून खोकला आला.

तो खोकला मी हजारांत ओळखला असता. एक खोल, एक आखूड. समोरच्या किंजळीच्या झाडावर माळा बांधला होता आणि माळ्यावर मामंजी होते. मी झोपले असताना ते येऊन चढले होते.

मी काय केलं? मी तेच केलं जे रोज करत होते. दोन पावलं मागे सरून खोडाच्या आडोशाला गेले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि श्वास धरून गप्प उभी राहिले. रानात पदर कशाला ओढायचा, हा प्रश्नही मनात आला नाही. अंगवळणी पडलेलं अंगच करतं. मनात फक्त एवढंच होतं की मामंजींनी मला पाहिलं, आता घरी कळणार, आता सासूबाई मला कोंडून घालणार.

काही वेळ काहीच झालं नाही. मग पुन्हा तोच खोकला, जरा मोठा. मी आणखी आक्रसून उभी राहिले. पोटातल्या कैरीचं आता काय होतंय कोण जाणे, असं वाटत होतं.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एक पान पडलेलं ऐकू आलं. मग वरून लोखंडाचा बारीकसा आवाज आला, कडी हळूच सोडावी तसा. मग फांदी हलली. मामंजी माळ्यावरून उतरले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, बंदूक खांद्यावर टाकली आणि व्हाळाच्या वाटेने चालू लागले. एकदाही मागे पाहिलं नाही. पण वळणावर गेले की थांबायचे आणि हातातली काठी दगडावर आपटायचे. मी त्या आवाजाच्या मागोमाग चालायची. मी जवळ आले की ते पुढे. मला वाटलं, राग आलाय फार.

घराशी आलो तर ते मागच्या दाराकडे न जाता सरळ पुढच्या अंगणात, खळ्यात गेले आणि सासूबाईंना हाका मारू लागले. "अगो, पाणी आण गरम. पाय धुतंय. आणि हयच बस वायच, काटो काढ माझो." सासूबाई नुकत्याच वाडीतून परतल्या होत्या, त्या कंदील घेऊन खळ्यात गेल्या. कुठे काटा म्हणून त्यांनी पाय उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात मी मागच्या दाराने आत शिरून चुलीशी बसले होते. ओटीतल्या कैऱ्या तांदळाच्या मडक्यात लपवल्या.

त्या रात्री मी मिठाला लावून कैरी खाल्ली आणि मागून थोडा भातही. सगळं पोटात राहिलं.

सकाळी पडवीत मंडळी जमली. मी आत सुपात तांदूळ निवडत होते.

"काय धोंडू, बार ऐकाक येवक नाय," तातू म्हणाला. "डुकर इलो नाय?"

"इलो."

"मगे?"

"खोकललंय. पळालो."

बाळा उसळला. "पण खोकलात कित्याक, काका? झाडाखाली इललो डुकर, आणि तुमी खोकून पळवलास?"

"तू गप रव," तातू पुतण्याला म्हणाला. "तुका ठाऊक नाय. रानात फळ नसता त्या साली, एकाच झाडाक लागलेला असता तेव्हा, आदी खोकल्याशिवाय बार टाकूचो नाय. हो आमच्या बापजाद्यांपासूनचो नियम. अरे, जनावर उपाशी तसो माणूस पण उपाशी. डुकराक कळता तसा माणसाक पण कळता, फळ खंय आसा ता. माझ्या आज्याच्या भावान अशाच साली फणसाखाली खसखस ऐकली आणि बार टाकलो. खाली टोपली घेवन बाई होती."



"म्हणान खोकायचा," तातू पुढे म्हणाला. "माणूस असलो तर 'ओ' म्हणता. डुकर असलो तर पळता. पळालो तर पळालो, काय करतलंस?"

"आणि पळाक पण नाय आणि 'ओ' पण म्हणूक नाय तर?" बाळाने विचारलं.

"तर तो जखमी डुकर. तो पळणा नाय, दबा धरून रवता आणि तू खाली उतारलंस काय पोट फाडता. तेच्यावर डोळे मिटून बार टाकायचो."

माझ्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ सगळ्या जमिनीवर पसरले.  दोन वेळा खोकला, आणि दोन्ही वेळा मी पळाले नव्हते आणि बोललेही नव्हते. लोखंडाचा तो बारीक आवाज कशाचा होता ते मला आता कळलं. बंदुकीचा ओढलेला घोडा अंगठ्याने धरून मामंजींनी हळूच खाली सोडला होता.

बाहेर बाळा हसत होता. "म्हणजे काका, तुमचो खोकलोच भारी पडलो. आता तुमका खोकलेबुवा म्हणाक होया."

"म्हण," मामंजी म्हणाले.

मंडळी गेली. सासूबाई विहिरीवर गेल्या. मी जमिनीवरचे तांदूळ गोळा करत होते, तर स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यावर सावली पडली. मामंजी होते. आयुष्यात पहिल्यांदा ते न खोकता आले होते. मी उठायला गेले.

"बस," ते म्हणाले. उंबऱ्यावरच बसले, तोंड बाहेर गवताच्या गंजीकडे. मांजर त्यांच्या पायाशी येऊन घोटाळलं. त्यांनी ते हाताने बाजूला केलं.

"सूनबाय, मी तुझ्याशी बोलतंय."

मी पदर दाताखाली धरला होता.

"घोडो ओढून बसललंय मी. बोट चापावर. एकदा खोकललंय, पळाक नाय. दुसऱ्यांदा खोकललंय, तरी नाय. म्हटला, जखमी डुकर. आता बार टाकूचो." ते थांबले.  "मगे मनात इला, जखमी डुकर पण घुरघुरता. दात वाजवता. ह्या तर श्वास पण घेणा नाय. माझ्या खोकल्याक अशा तऱ्हेन गप रवणारा ह्या मुलखात एकच माणूस आसा, आणि ता माझ्या चुलीकडे आसता."

मला हुंदका आवरेना.

"रडा नको. पोटात आसा तुझ्या. कैऱ्या राहिल्या मा पोटात?"

मी मान हलवली. त्यांची पाठ होती माझ्याकडे, त्यांना ती दिसणार नव्हती.

"तोंडान सांग."

मी पुन्हा नुसती मान हलवली. घरात सासऱ्यांसमोर आवाज काढायचा म्हणजे काय, ते आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. 

"आमची रीत माणसाक मारणारी असात तर ती रीत गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "आजपासून मी बोललंय काय तू बोलायचा. सासू काय म्हणतली ता मी बघून घेतंय. सांग, राहिल्या?"

"होय," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, तोंडातलं पान थुंकलं आणि उठून गेले. सासूबाई घागर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा तो 'होय' ऐकला होता. त्या दिवसभर घुश्शात होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला विचारलं, "काय गो, माझ्याबद्दल काय बोलले काय ते?"

पाऊस सुरू होईपर्यंत मागच्या उंबऱ्यावर रोज कैऱ्या येऊन पडत होत्या. सासूबाईंना मामंजींनी सांगितलं होतं की तातूने दिल्या. तातूकडे आंब्याचं झाड नव्हतं, पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. नातवंड होणार म्हटल्यावर माणूस बऱ्याच गोष्टी मनावर घेत नाही. तातूच्या रताळ्यांचं डुकराने वाटोळं केलं आणि ते डुक्कर पुढे कोणाच्याच हाती लागलं नाही. कार्तिकात मला मुलगी झाली. सुरंगा नाव ठेवलं. ते नाव मामंजींनी मला विचारून ठेवलं.

खोकलेबुवा हे नाव मात्र त्यांना जन्मभर चिकटलं. पोरंसोरं वाटेत मुद्दाम खोकायची. मामंजी हसायचे. झाडाखाली कोण होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परबांची पोटुशी सून दिवेलागणीला देवचाराच्या घळीत काय करत होती, याची चर्चा गावभर झाली असती. मी एकदोनदा म्हटलं, "मामा, मी सांगू काय सगळ्यांका?" तर म्हणाले, "माझा काय जाता खोकलेबुवा म्हटल्यान? तुझा जायत."

ते गेले तेव्हा सुरंगा दहावीला होती. तेराव्याला पडवीत माणसं जेवून बसली होती, त्यांच्या आठवणी निघत होत्या. तातू आता काठी टेकत होता. तो म्हणाला, "देवमाणूस होतो धोंडू. पण शिकारी म्हणशात तर, घळीतलो डुकर खोकून पळवलो तो पळवलोच." माणसं मायेने हसली. सुरंगा त्यांच्यात चहाचे कप फिरवत होती.

मी दारात होते. दाराआड नाही, दारात. मी पडवीत पुरुषमंडळींसमोर आले आणि सुरंगाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तातूकाकानू," मी म्हटलं, "मामांनी पळवललो डुकर तो ह्यो. मी होतंय त्या आंब्याखाली, ह्या पोर माझ्या पोटात होता. मामा दोनदा खोकले आणि मी 'ओ' म्हणूक नाय."

तातूने हातातला कप खाली ठेवला. बाळा, आता चार मुलांचा बाप, मान खाली घालून बसला.  तातूने सुरंगाला हाताने जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चाय वाढ गो बाय," तो म्हणाला. "शिकारीचो पयलो वाटो धोंडूचो. तेच्या नावान माका दी."

सुरंगाने त्याचा कप पुन्हा भरला.